मेलिंडा बोलती कशी होते: ‘स्पीक’ या कादंबरीचा प्रकरण अभ्यास

कुमारवयीन वाचकांसाठीच्या कादंबऱ्यांत आघात आणि त्यातून सावरणं हा विषय आता इतका रुळलाय की त्याचा साचाच पडून गेला आहे. काहीतरी भयंकर घडतं, मुलगी खचते, कुणीतरी समजूतदार माणूस हात देतं आणि शेवटच्या पानांत मुलगी धीट होते. लॉरी हाल्स अँडरसन या अमेरिकन लेखिकेची ‘स्पीक’ ही कादंबरी १९९९ साली आली. ती या साच्यात बसत नाही, म्हणूनच पंचवीसहून जास्त वर्षांनंतरही ती बारकाईने वाचण्यासारखी आहे. त्या वर्षी ती नॅशनल बुक अवॉर्डच्या अंतिम यादीत होती. पुढच्या वर्षी, म्हणजे २००० साली, कुमारसाहित्यासाठीचा प्रिंट्झ पुरस्कार पहिल्यांदा दिला गेला, तेव्हा मानाच्या पुस्तकांत तिचं नाव होतं. २००४ मध्ये तिच्यावर चित्रपट निघाला आणि २०१८ मध्ये एमिली कॅरल यांच्या चित्रांसह तिची चित्रकादंबरी आली.

इथे सगळ्या कादंबरीचा आढावा घ्यायचा नाही. घ्यायची आहे ती एकच गोष्ट: बलात्कार झालेली, जवळजवळ मुकी झालेली एक मुलगी शाळेच्या एका वर्षात बोलती कशी होते, आणि लेखिका ते कोणकोणत्या पायऱ्यांनी घडवते. अँडरसन सावरण्याकडे मनाच्या कणखरपणाचा परिणाम म्हणून बघत नाहीत. सांगण्याचे अनेक छोटे प्रयत्न होतात, त्यातले बरेच फसतात, आणि प्रत्येक वेळी ऐकणारा कसा वागला त्यावर पुढचा प्रयत्न ठरतो. या कादंबरीचं खरं बळ या क्रमात आहे.

परिस्थिती

मेलिंडा सॉर्डिनो. न्यूयॉर्क राज्यातलं सिरॅक्यूज शहर, मेरीवेदर हायस्कूल, नववीचा पहिला दिवस. बसमध्ये तिच्या शेजारी कुणी बसत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत, ऑगस्टमध्ये, मोठ्या मुलांच्या एका पार्टीत तिने ९११ या तातडीच्या मदतीच्या क्रमांकाला फोन केला होता. पोलीस आले, पार्टी उधळली, काही जणांना अटकही झाली. तिने फोन का केला हे कुणीच विचारलं नाही. शाळेच्या दृष्टीने ती चुगलखोर ठरली आणि रेचल ही जिवाभावाची मैत्रीणही तिच्याशी बोलेनाशी झाली.

त्या रात्री अँडी इव्हान्स या वरच्या वर्गातल्या मुलाने घराबाहेरच्या झाडीत तिच्यावर बलात्कार केला होता. तो देखणा आहे, मुलींना आवडणारा आहे आणि याच शाळेत आहे. कॉरिडॉरमध्ये तो समोरून येतो, कानाशी कुजबुजतो. गुन्हेगार आणि पीडित मुलगी एकाच इमारतीत, एकाच घंटेवर वावरतात. ही अडचण लेखिकेने मुद्दाम घातली आहे, कारण प्रत्यक्षात बहुतेक वेळा हेच घडतं: अत्याचार करणारा ओळखीचा असतो आणि तो कुठे निघून जात नाही.

घरी आई दुकानाच्या कामात बुडालेली, वडील आपल्या व्यापात. तिघांचं बोलणं ओट्यावर ठेवलेल्या चिठ्ठ्यांतून चालतं. आईवडील दुष्ट नाहीत. त्यांना घसरलेले मार्क दिसतात, ओठांवरच्या खपल्याही दिसतात, पण त्यांतून जो प्रश्न निघायला हवा तो त्यांना सुचत नाही. दुष्ट पालक लिहिणं सोपं असतं. दमलेले, चिडलेले, प्रेम करणारे आणि तरीही चुकणारे पालक लिहिणं अवघड असतं, आणि अँडरसन यांनी ते केलं आहे.

सांगण्याचे प्रयत्न, एकामागून एक

पहिला प्रयत्न त्याच रात्रीचा. ती फोन फिरवते, पलीकडून आवाज येतो, पण तिच्या तोंडून शब्द निघत नाही. वरवर वाचलं तर हा प्रसंग घाबरलेल्या मुलीचा वाटतो. नीट पाहिलं तर मदत मागायची सगळ्यात योग्य जागा तिने लगेच ओळखली होती. तिची बुद्धी चालली, वाचा गेली. ‘तिने तक्रार का केली नाही’ या प्रश्नाला कादंबरीने सुरुवातीलाच उत्तर देऊन ठेवलंय, फक्त वाचकाला ते कळायला पुष्कळ पानं जावी लागतात.

त्यानंतर शरीर बोलायला लागतं. ती ओठ चावून सोलते, घसा सतत दुखतो, ती वर्ग बुडवते, दुपारी घरी येऊन झोपते. एकदा कागदाच्या क्लिपने मनगटावर ओरखडे काढते. ते आईला दिसतात आणि आपल्याला याच्यासाठी वेळ नाही अशा अर्थाचं काहीतरी बोलून ती मोकळी होते. दोन वाक्यांचा हा प्रसंग. लेखिका त्यावर भाष्य करत नाही, पण मेलिंडाच्या हिशेबात एक दार बंद झालेलं असतं.

मिस्टर नेक या इतिहासाच्या शिक्षकांपासून लपताना तिला सफाई कामगारांची वापरात नसलेली खोली सापडते. ती झाडून घेते, घरून पांघरूण आणते. तिथे एक आरसा आहे आणि स्वतःचा चेहरा तिला बघवत नाही. ग्रंथालयातून मिळालेलं माया अँजेलू या अमेरिकन कवयित्रीचं पोस्टर ती त्या आरशावर लावते. ही खोली सांगण्याची जागा नाही, न सांगण्याची आहे. तरीही सावरण्याच्या दृष्टीने ती पहिली खरी पायरी आहे. मानसोपचारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२च्या आपल्या ग्रंथात आघातातून सावरण्याचे तीन टप्पे मांडले: आधी सुरक्षितता, मग आठवण आणि शोक, मग माणसांशी पुन्हा जोडलं जाणं. कादंबरीचा क्रम त्याच्याशी बराच जुळतो. सुरक्षित कोपरा मिळेपर्यंत आठवण उघडत नाही, आणि ती जबरदस्तीने उघडली तर काय होतं तेही दिसतं. जीवशास्त्राच्या तासाला बेडूक कापायला ठेवलाय, त्याचे पाय टाचण्यांनी ट्रेला खिळलेले, आणि मेलिंडा चक्कर येऊन पडते, डोकं आपटतं. तोपर्यंत त्या रात्रीबद्दल वाचकाला जवळजवळ काहीच सांगितलेलं नसतं. मनाने लपवलेली गोष्ट शरीराने उघडी केली, पण समोरच्यांना दिसली फक्त चक्कर.

नाताळात एक संधी येते. आईवडील तिला चित्रकलेच्या पेन्सिली आणि वही देतात, कारण ती चित्रं काढते हे त्यांच्या लक्षात आलेलं असतं. ती सांगायच्या अगदी काठावर येते. गळा दाटतो, ते दोघे बघत राहतात, क्षण जातो. हा फसलेला प्रयत्न सगळ्यात शिकण्यासारखा आहे. इथे ऐकणाऱ्यांनी काही वाईट केलेलं नाही, त्यांनी थोडं आणखी थांबायला हवं होतं, इतकंच. पुढे मुख्याध्यापकांच्या खोलीत सगळे मोठे जमतात, तू बोलत का नाहीस म्हणून तिच्यावर प्रश्नांची सरबत्ती करतात. नाताळातला हळवा क्षण आणि ही बैठक शेजारी ठेवून वाचावी. एकीकडे जागा होती, प्रश्न नव्हता. दुसरीकडे प्रश्नच प्रश्न, जागा नाही.

शाळेच्या चौथ्या, म्हणजे शेवटच्या सत्रात हालचाल वाढते. ती दूरदर्शनवरच्या चर्चेच्या कार्यक्रमांतले सूत्रसंचालक मनात आणते, स्वतःला त्यांच्यासमोर बसवते, आणि झालं तो बलात्कार होता हे आधी स्वतःशी कबूल करते. दुसऱ्याला सांगण्याआधी घटनेला तिचं खरं नाव द्यावं लागतं. तोवर तिच्या डोक्यात अँडी बहुतेक वेळा कधी ‘तो प्राणी’, कधी नुसतं ‘ते’ असायचा.

मग ती लिहायला लागते. रेचल अँडीबरोबर फिरायला लागलेली असते, म्हणून तिला सावध करणारी निनावी चिठ्ठी. मग मुलींच्या स्वच्छतागृहाच्या भिंतीवर ‘कुणापासून लांब राहावं’ अशा यादीत अँडीचं नाव. नाव उघड, सांगणारी लपलेली. आणि मग ग्रंथालयात, शांततेचा नियम असल्याने, ती आणि रेचल वहीच्या कागदावर एकमेकींना लिहितात. पेन्सिल पुढेमागे सरकते. बलात्कार झाला हे मेलिंडा लिहिते, तेव्हा रेचल हळहळते, धीर देते, कुणी केला विचारते. मेलिंडा नाव लिहिते आणि रेचल उसळते: तू खोटारडी आहेस, जळतेस माझ्यावर.

हा प्रसंग वर्गात किंवा वाचकगटात घेताना दोनदा वाचावा. ‘बलात्कार झाला’ या वाक्यावर लगेच विश्वास बसला. ‘याने केला’ यावर बसला नाही. कुणीतरी अनोळखी, वाईट माणूस असता तर मैत्रीण उभी राहिली असती. आपल्याला आवडणारा मुलगा म्हटल्यावर पुरावा नाही, उलट हेतूवरच संशय. आपल्याकडे ओळखीच्या, नात्यातल्या, प्रतिष्ठित माणसाचं नाव आलं की घराघरांत नेमकं हेच होतं, आणि यासाठी सिरॅक्यूजपर्यंत जायची गरज नाही.

या फसलेल्या प्रयत्नानंतर मेलिंडा पुन्हा गप्प होईल असं वाटतं. तसं होत नाही, आणि का होत नाही याचं उत्तर लेखिकेने आधीच पेरून ठेवलेलं असतं. चित्रकलेच्या वर्गातली आयव्ही तिला त्या भिंतीपाशी घेऊन जाते. अँडीच्या नावाखाली वेगवेगळ्या अक्षरांत, वेगवेगळ्या पेनांनी इतर मुलींनी लिहिलेलं असतं. मेलिंडाला पहिल्यांदा कळतं की आपण एकट्या नाही. तिला कुणी कुशीत घेत नाही, समजावत नाही. फक्त पुरावा मिळतो की आपण जे पाहिलं ते खरं होतं. विश्वास न ठेवणाऱ्या एका मैत्रिणीचा घाव अनोळखी मुलींचं अक्षर भरून काढतं.

रेचलचं मनही पुढे बदलतं. प्रॉमच्या, म्हणजे शाळेच्या वर्षाखेरच्या नृत्यसमारंभाच्या रात्री अँडीचं वागणं ती स्वतः अनुभवते आणि त्याला तिथेच झिडकारते. म्हणजे मेलिंडाने लिहिलेलं फुकट गेलं नाही, ते उशिरा पोचलं. पण त्याची किंमतही आहे. अँडीला कळतं की हिने तोंड उघडलंय, आणि तो तिला शोधत येतो. सांगितलं की सगळं नीट होतं, असं खोटं आश्वासन ही कादंबरी देत नाही. सांगितल्याने धोका वाढू शकतो, आणि तरीही सांगावं लागतं.

शेवटची झटापट आणि तिचा चुकीचा अर्थ

शेवटच्या भागात अँडी तिला त्या खोलीत गाठतो. ती किंचाळते. हाताला टर्की पक्ष्याच्या हाडांचं जे शिल्प तिने हिवाळ्यात केलं होतं त्याचा ठोकळा लागतो, तो ती पोस्टरवर हाणते, मागचा आरसा फुटतो, आणि काचेचा तुकडा ती त्याच्या गळ्याशी धरते. बाहेर निकोल नावाची मुलगी आणि लॅक्रॉस या खेळाच्या संघातल्या मुली दार ठोठावत असतात. तिने आश्रयासाठी जमवलेल्या सगळ्या वस्तू, शिल्प, पोस्टर, झाकलेला आरसा, एकाच क्षणी कामी येतात. रचनेच्या दृष्टीने हे काम फार नेटकं आहे.

पण बरेच वाचक, आणि शिकवणारेही, इथे घसरतात. मुलीने प्रतिकार केला म्हणून ती बरी झाली, असा अर्थ लावला जातो. मजकूर तसं म्हणत नाही. ती त्या दिवशी खोलीत गेली ती सामान आवरायला. आपल्याला आता लपायच्या जागेची गरज नाही हे तिने आधीच ठरवलं होतं, पांघरूण घरी न्यायला ती आली होती. हल्ला त्यानंतर होतो. त्याआधी ती अंगणातली कुजलेली पानं गोळा करून मातीत बी पेरते, भिंतीवर नाव लिहिते, रेचलला सांगते. सावरणं चालू होतं, हल्ल्याने ते फक्त उघड्यावर आणलं.

हा फरक किरकोळ नाही. प्रतिकार हाच उपाय असं शिकवलं, तर ज्या मुलीला प्रतिकार करता आला नाही तिच्या डोक्यावर नवा दोष बसतो. मेलिंडाही पहिल्या रात्री प्रतिकार करू शकली नव्हती, आणि कादंबरी त्यासाठी तिला कुठेही जबाबदार धरत नाही.

झाड आणि फ्रीमन सर

चित्रकलेचे शिक्षक मिस्टर फ्रीमन वर्षाच्या सुरुवातीला एका फुटक्या पृथ्वीच्या गोलात चिठ्ठ्या टाकतात. ज्याने जी उचलली, त्या वस्तूवर त्याने वर्षभर काम करायचं. मेलिंडाला ‘झाड’ येतं. फारच सोपं वाटून ती दुसरी चिठ्ठी घ्यायला बघते, ते घेऊ देत नाहीत.

पुढे काय होतं ते तपशिलात बघण्यासारखं आहे, कारण ‘कलेने मन मोकळं होतं’ या ढोबळ वाक्यापेक्षा ते बरंच नेमकं आहे. आधी ती जलरंगात वीज पडलेली झाडं काढते. मग ठशाच्या चित्रासाठी लिनोलियम कोरते. थँक्सगिव्हिंग या अमेरिकन सणाचं जेवण बिघडतं, उरलेल्या टर्कीची हाडं ती शाळेत नेते आणि बाहुलीचं डोकं, तोंडावर चिकटपट्टी असं शिल्प करते. फ्रीमन ते बघतात आणि त्यात वेदना आहे इतकंच ओळखतात, खोदून विचारत नाहीत. मग पिकासोची चित्रं बघून ती चौकोनी फांद्यांचं झाड रेखाटते. एका टप्प्यावर ते तिला स्पष्ट सांगतात की तुझं झाड सामान्य आहे, निर्जीव आहे. फांदी वाकव, व्रण दे, खरं झाड असं गुळगुळीत नसतं.

म्हणजे त्यांनी तीन गोष्टी केल्या. मर्यादा घातली, मुदत दिली आणि कामाबद्दल खरं बोलले. चौथी गोष्ट त्यांनी केली नाही: तिच्या आयुष्याबद्दल चौकशी. गाडीतून सोडताना एकदा म्हणतात की तुझ्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ आहे, ऐकायला मला आवडेल. दार उघडं ठेवतात आणि तिथेच थांबतात. या संयमामुळे शेवटी ती त्यांच्याकडेच बोलते. आईवडिलांकडे किंवा समुपदेशकांकडे नाही.

मराठी लेखकांनी इथे एक सापळा ओळखून ठेवावा. समजूतदार शिक्षक हे पात्र फार लवकर देवमाणूस होतं. अँडरसन यांनी फ्रीमनना तसं होऊ दिलेलं नाही. ते चिडतात, त्यांचं स्वतःचं चित्र अडतं, शाळेच्या कारभाराशी त्यांची भांडणं चालतात. स्वतःच्या कामात अडकलेला माणूस विद्यार्थ्याला वाचवायला धावत नाही, आणि म्हणूनच तो विश्वासाचा वाटतो.

घरच्या अंगणातल्या ओकच्या झाडाचा प्रसंगही याच धाग्यात आहे. वडील झाडं छाटणाऱ्या माणसाला बोलावतात. तो यांत्रिक करवतीने फांद्या पाडतो. बघणाऱ्याला वाटतं झाड तोडताहेत, वडील सांगतात की रोगट फांद्या काढल्या तर उरलेलं झाड वाढेल. हा प्रसंग कादंबरीत सगळ्यात उघडा आहे, आणि खरं सांगायचं तर थोडा जास्तच उघडा. वाचकाने जे ओळखलेलं असतं ते इथे बोलून दाखवलं जातं. पण कुमारवयीन वाचकाला एखाद्या ठिकाणी हाताला धरून दाखवणं लागतं, हा लेखिकेचा निर्णय समजू शकतो.

रचना

कादंबरीचे चार भाग, शाळेच्या चार सत्रांप्रमाणे. प्रत्येक भागाच्या शेवटी मेलिंडाचं प्रगतिपुस्तक, ज्यात विषयांबरोबर वृत्ती आणि जेवणाच्या सुट्टीलाही श्रेणी. वाचकाला तिची घसरण आकड्यांशिवाय, अक्षरांतून दिसते. भाग छोट्या छोट्या तुकड्यांत मोडलेले, काही अर्ध्या पानाचे, प्रत्येकाला मथळा. काही संवाद नाटकाच्या संहितेसारखे लिहिलेत: दुसऱ्याचं नाव, त्याचं वाक्य, मग ‘मी:’ आणि त्यापुढे कोरी जागा. मौन असं छापलेलं दिसलं की वाचणाऱ्याला ते ऐकू येतं. मुकेपणाची वर्णनं करत बसण्यापेक्षा ही एक युक्ती जास्त काम करते.

सगळ्यात महत्त्वाचा निर्णय मात्र वेगळा आहे: त्या रात्रीचं वर्णन तिसऱ्या सत्राच्या शेवटी येतं. तोवर वाचक मेलिंडाबरोबर पुष्कळ वेळ घालवून बसलेला असतो, तिच्या तिरकस विनोदावर हसलेला असतो. ते पहिल्याच पानांत आलं असतं तर ती वाचकासाठी ‘बलात्कार झालेली मुलगी’ एवढीच राहिली असती. आणि ते वर्णन थोडक्यात आहे, तुटक आहे. शरीराचे तपशील नाहीत, धक्का आहे. कुमारांसाठी लिहिताना किती दाखवावं हा प्रश्न पडतो तेव्हा हा भाग जरूर उघडावा.

विनोद हेही रचनेतलं हत्यार आहे. शाळेतले गट, शाळेचं बोधचिन्ह सतत बदलणारं प्रशासन, या सगळ्यावर मेलिंडाची जीभ मनातल्या मनात धारदार चालते. बाहेर मुकी, आत बोलकी. म्हणून ती दयनीय होत नाही. दु:खाच्या कथेतून विनोद काढून टाकला की नायिका निष्प्राण होते, हा दोष मराठी किशोरकथांतही पुष्कळदा आढळतो.

लेखिका, वाचक आणि विरोध

अँडरसन यांचा जन्म १९६१चा. वयाच्या तेराव्या वर्षी ओळखीच्या मुलाने त्यांच्यावर बलात्कार केला होता आणि वीसहून जास्त वर्षं त्यांनी ते कुणाला सांगितलं नव्हतं. हे त्यांनी सविस्तर लिहिलं २०१९मध्ये, ‘शाउट’ या मुक्तछंदातल्या आत्मकथनात. वडील दुसऱ्या महायुद्धात लढलेले, त्यांनी डाखाऊ ही नाझींची छळछावणी पाहिलेली, आणि त्याचे घाव घरात कसे उतरले तेही त्यात आहे. ‘द इम्पॉसिबल नाइफ ऑफ मेमरी’ या २०१४च्या कादंबरीत युद्धावरून परतलेल्या बापाला सांभाळणारी मुलगी येते. ‘विंटरगर्ल्स’ (२००९) मध्ये खाण्याच्या विकाराने ग्रासलेली लिया वजन जास्त भरावं म्हणून झग्यात नाणी शिवते. या तिन्ही कादंबऱ्यांत शेवटी पूर्ण बरं होणं नाही, उपचाराची किंवा बोलण्याची सुरुवात आहे.

पुस्तक आल्यावर वाचकांची पत्रं येत राहिली. दहाव्या वर्षाच्या आवृत्तीत अँडरसन यांनी त्या पत्रांतल्याच ओळी जोडून एक कविता केली. शाळाशाळांतून बोलताना त्यांना मुलग्यांकडून एक प्रश्न वारंवार आला: पुस्तक आवडलं, पण मेलिंडा एवढी का कोसळली ते कळलं नाही. हा प्रश्न रागावून झटकण्याचा नाही. संमती म्हणजे काय हे मुलांना कुणी सांगितलेलंच नाही याची ती पावती आहे, आणि अँडरसन यांनीही त्याकडे तसंच पाहिलं.

विरोधही झाला. २०१० साली मिझुरी राज्यातल्या रिपब्लिक गावी एका प्राध्यापकाने वर्तमानपत्रात लेख लिहून या पुस्तकाला अश्लील ठरवलं. वाचकांनी, ग्रंथपालांनी जोरदार उत्तर दिलं आणि पुढच्या वर्षी शाळा मंडळाने पुस्तक ठेवलं. २०२० साली अमेरिकन ग्रंथालय संघटनेच्या सर्वाधिक आक्षेप आलेल्या दहा पुस्तकांत ते चौथं होतं. एक आक्षेप असा की ते मुलग्यांविरुद्ध पक्षपाती आहे. ज्याने डेव्हिड पेट्राकिस हे पात्र वाचलंय त्याला हे पटणार नाही. डेव्हिड मुलगा आहे, मिस्टर नेकच्या वर्गात आपला हक्क धरून उभा राहतो. मेलिंडा स्त्रियांच्या मताधिकारावरचा निबंध वाचून दाखवायचं नाकारते, मौन हाच निषेध म्हणते, तेव्हा गप्प बसून हक्क मिळत नाहीत हे तिला तोच ऐकवतो. २०२३मध्ये अँडरसन यांना ॲस्ट्रिड लिंडग्रेन स्मृती पुरस्कार मिळाला.

वर्गात किंवा वाचकगटात घेताना

महाराष्ट्रात इंग्रजी वाचणाऱ्या नववी ते बारावीच्या मुलांबरोबर हे पुस्तक घेता येतं, पण तयारीशिवाय घेऊ नये. चार सत्रांचे चार बैठकींत वाटे करावेत. तिसऱ्या बैठकीच्या आधी, आदल्या आठवड्यात, पुढे बलात्काराचं वर्णन आहे हे सांगावं, आणि ज्याला बाहेर थांबायचं त्याने कारण न देता थांबावं असं ठरवून ठेवावं. प्रश्न पात्रांविषयी विचारावेत, ‘तुझ्या बाबतीत असं कधी’ हा प्रश्न सगळ्यांसमोर विचारूच नये. शंका लिहून टाकायला पेटी ठेवली तर मुलं खरं विचारतात. समुपदेशकाला आधी कळवावं.

एक गोष्ट कायद्याची आहे. अशा वाचनानंतर एखादी मुलगी किंवा मुलगा शिक्षकाकडे स्वतःबद्दल सांगायला येऊ शकतो. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन शिक्षकाने देऊ नये, कारण ते त्याला पाळता येणार नाही. २०१२च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार अठरा वर्षांखालच्या मुलावरील लैंगिक अत्याचाराची माहिती असलेल्याने ती पोलिसांना किंवा विशेष बालपोलीस पथकाला देणं बंधनकारक आहे, न दिल्यास कलम २१ खाली शिक्षा आहे. म्हणून ऐकण्याआधीच शांतपणे सांगावं: तू सांगशील ते मी गंभीरपणे घेईन, आणि तुला सुरक्षित ठेवण्यासाठी काही माणसांना मला कळवावं लागेल. मदतीसाठी १०९८ हा बालकांसाठीचा क्रमांक फलकावर लिहून ठेवावा, बैठक संपल्यावरही पुसू नये.

ऐकताना फ्रीमन सरांचं वागणं समोर ठेवावं. तपशील खोदू नयेत, ‘तू तिथे गेलीस कशाला’ हा प्रश्न येऊ देऊ नये, मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवावेत. रेचलचं चुकलं ते नेमकं नाव ऐकल्यावर. शाळेतल्या, सोसायटीतल्या, घरातल्या ओळखीच्या माणसाचं नाव पुढे येईल तेव्हा चेहऱ्यावर काय उमटतं, याची तयारी शिक्षकाने बैठकीच्या आधी करून ठेवावी. शेवटच्या बैठकीत, मेलिंडा फ्रीमन सरांशी बोलायला लागते तिथे पुस्तक संपतं तेव्हा, अँडीला शिक्षा झाली का, असं मुलं विचारतात. खटला कादंबरीत नाही. त्या प्रश्नाला उत्तर न देता, मेलिंडाने सांगायचं ठरवलं तेव्हा तिच्या आसपास कोण कोण होतं आणि पहिल्या रात्री कोण नव्हतं, याची यादी मुलांकडून फळ्यावर करून घ्यावी.